घरगुती एक्स-वाय प्लॉटर: प्लेटा एचडीपीईच्या की डेलरिनच्या?

कोथरूडकर_७
पेन प्लॉटर (कागदावर पेनने रेघा काढणारं यंत्र), कामाची जागा ३०० × ४०० मिमी. वाय अक्षाला ८ मिमीचे दोन दांडे (एकमेकांपासून ३४० मिमी), त्यांवर सरकणारा एक्स अक्षाचा पूल, एलएम८यूयू (दांड्यावर सरकणारी) बेअरिंग, नेमा १७ (ठरावीक मापाच्या स्टेपर) मोटरी. सगळ्या प्लेटा १२ मिमी एचडीपीईतून (पॉलिथिनचा एक प्रकार) मिल केल्या. दोन अडचणी: कापल्यावर प्लेट केळ्यासारखी वाकली, आणि पूल तिरका होऊन अडकतो. वायची मोटर एकच, डावीकडे. डेलरिनमध्ये (एसिटल, कडक प्लास्टिक) परत कापू? की नायलॉन चालेल?

चिप्स_उडवणारा
नायलॉन नको. हवेतला ओलावा पिऊन फुगतं. पुण्याच्या पावसाळ्यात बेअरिंगच्या भोकांचं माप हलेल. डेलरिन पाणी फार कमी घेतं.

वाकण्याचं कारण शीटमधला ताण. एकाच बाजूने माल काढला की तो सुटतो. दोन्ही बाजूंनी सारखा काढा, ०.५ मिमी शिल्लक ठेवा, क्लॅम्प सोडून रात्रभर पडू द्या, मग फिनिश कट. कटर एकाच धारेचा, ६ मिमी. १२,००० आरपीएमला फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) १,२०० मिमी/मिनिट. भीतीपोटी फीड कमी केलात तर कटर कापण्याऐवजी घासतो आणि प्लास्टिक वितळून त्यालाच चिकटतं. डेलरिन तापलं तर फॉर्मल्डिहाइड सुटतो, नाकाला झोंबलं की थांबा. आणि एचडीपीईला डबल टेप धरत नाही, स्क्रूनेच आवळा.

गुण्या_आणि_डायल
अडकण्याचा दोष प्लास्टिकच्या माथी मारू नका. मोटर डावीकडे ओढते, उजवा दांडा तिथून ३४० मिमी दूर. अशा वेळी डाव्या दांड्यावरच्या दोन बेअरिंगमध्ये निदान १७० मिमी अंतर हवं. तेवढी जागा तुमच्याकडे नसणार. म्हणून मोटर तीच ठेवा, एक आडवा शाफ्ट टाका आणि दोन्ही बाजूंना पुली-बेल्ट द्या.

आता खरी मेख. डेलरिन दर अंशाला मीटरमागे साधारण ०.११ मिमी वाढतं, स्टील ०.०१२. जानेवारीची सकाळ ते एप्रिलची दुपार असा २० अंशांचा फरक धरला, तर टोकाच्या प्लेटांमुळे वायचे दांडे जवळपास ०.७ मिमी फाकतात. एक्सचे स्टीलचे दांडे मात्र पुलाची रुंदी तशीच धरून ठेवतात. एचडीपीई तर याहूनही जास्त वाढतं. म्हणून डावीकडची दोन बेअरिंग पक्की बसवा, उजवीकडे एकच, तेही आडव्या खाचेत, बाजूला १ मिमी सरकेल असं.

बुधवारपेठ_बोर्ड
सगळं परत कापायची गरज नाही राव. मोटर आणि बेअरिंग धरणाऱ्या प्लेटा तेवढ्या डेलरिनच्या करा, पाय एचडीपीईचेच राहू द्या. भोसरीला इंजिनिअरिंग प्लास्टिकवाल्यांकडे कटपीस विचारा.

नेमा १७ ला मधलं भोक २२ मिमी, स्क्रूंचं अंतर ३१. स्क्रूची भोकं लांबट कापा, बेल्ट तिथूनच ताणता येतो. प्लास्टिकमध्ये एम३चे आटे पाडू नका. आरपार बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट. दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसतं, तेव्हा आठवड्याने परत आवळा.

काटकोन तपासायला ३०० × ४०० चा आयत काढा, दोन्ही कर्ण ५०० आले पाहिजेत. जीटी२ (२ मिमी दातांचा) बेल्ट, २० दातांची पुली, १६ मायक्रोस्टेप (मोटरच्या प्रत्येक पावलाचे १६ भाग) म्हणजे मिमीला ८० स्टेप. कर्ण सारखे पण बाजू कमी-जास्त, तर तो आकडा सुधारा. कर्णच वेगळे आले तर शाफ्टवरची एक पुली ढिली करून पूल काटकोनात आणा आणि मगच तिचा ग्रब स्क्रू आवळा.