पतसंस्थेतील नोकरी सांभाळून ३८ व्या वर्षी एलएल.बी. करण्याविषयी

सहकारसेविका:
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात एका सहकारी पतसंस्थेच्या वसुली विभागात काम करते. शिक्षण बी.कॉम., ५२ टक्के, वय ३८. थकीत कर्जांची प्रकरणे तयार करणे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यांसाठी सहायक निबंधकांकडे प्रस्ताव दाखल करणे आणि धनादेश न वटल्याच्या खटल्यांसाठी वकिलांना कागदपत्रे पुरवणे हे माझे रोजचे काम आहे. हे करता करता आपणच वकील व्हावे, असे गेली काही वर्षे मनात आहे. यजमान शिक्षक असल्यामुळे घर चालण्याची तशी अडचण नाही, परंतु दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च पुढे वाढणार असल्याने पगार एकाएकी सोडणेही शक्य वाटत नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नोकरी चालू ठेवून तीन वर्षांची एलएल.बी. करता येते का, किंवा ती दूरशिक्षणाने होते का? पदवीनंतर वकिलीत कमाई सुरू व्हायला साधारण किती काळ जातो? आणि न्यायाधीशपदाची परीक्षा माझ्या वयात शक्य आहे का? माझ्या नणंदेलाही हीच आवड आहे. तिने बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले आहे. तिच्याविषयीही सांगितल्यास आभारी राहीन.

विधी_अध्यापक:
ताई, आधी प्रवेशाविषयी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. तेव्हा तुमचे ५२ टक्के पुरेसे आहेत. राज्याच्या विधी सीईटीला कमाल वयोमर्यादा नाही, प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत असते तसे गणितही तीन वर्षांच्या परीक्षेत नसते.

दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी वकिलीच्या सनदेसाठी चालत नाही, त्यामुळे तशी जाहिरात कोठे दिसली तर तिच्याकडे वळूही नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ टक्के उपस्थितीही चालू शकते, मात्र सर्व विषयांची मिळून उपस्थिती ७० टक्के भरावीच लागते. सायंकाळची विधी महाविद्यालये हा आता इतिहास झाला. त्यातच कौन्सिलने २०२४ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आग्रह धरला असून विद्यार्थी नोकरीत असेल तर त्याने तसे घोषित करावे आणि मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे, असेही महाविद्यालयांना कळवले आहे. "नाव घालून ठेवा, परीक्षेपुरते या" असे सांगणारे अजूनही भेटतात. त्यांचे ऐकून तीन वर्षे पणाला लावू नयेत, कारण सनदेच्या वेळी प्रश्न त्यांना विचारला जात नाही, तुम्हाला विचारला जातो.

मग व्यवहारात काय करायचे? कोरेगावहून साताऱ्याचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय रोज जाऊन-येऊन करण्याजोगे आहे. तासिका सकाळच्या असल्यास संस्थेकडून कामाची वेळ दुपारकडे सरकवून घेता येईल का, हे प्रवेशापूर्वी संचालक मंडळाला लेखी विचारून घ्या. तोंडी होकार पदाधिकारी बदलले की बदलतो.

नणंदबाईंची अडचण खरी आहे. बारावीसारखी मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी एलएल.बी.च्या प्रवेशासाठी ग्राह्य धरू नये, असे त्याच नियमांचे स्पष्टीकरण आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाने कितीतरी गृहिणींना पदवीपर्यंत नेले आणि ती पदवी इतर अनेक कामांना चालते, पण या एका दारापाशी ती अडते. त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी प्रवेश नियंत्रण यंत्रणेकडून लेखी खुलासा घ्यावा.

काळाकोट:
अध्यापक महोदयांनी महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणून सोडले आहे. मी दाराबाहेरचे सांगतो. माझ्या मते तुमच्या बाबतीत पदवीची तीन वर्षे हा अवघड भाग नाहीच. अवघड आहेत ती त्यानंतरची दोन-तीन वर्षे, आणि त्यांची तरतूद आजपासून करायला हवी.

कारण असे की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणारी व्यक्ती कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. अभ्यास करताना नोकरी निभावली तरी वकिली सुरू करताना ती सोडावीच लागेल. "नोकरी नाही, दुसरा स्वतंत्र व्यवसाय आहे" ही पळवाटही चालत नाही. मुंबईतील एका शल्यविशारदाने वैद्यकी चालू ठेवून सनद मागितली होती. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चुलानी खटल्यात कौन्सिलची बाजू उचलून धरली.

सनदेचा खर्च पूर्वीइतका राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलेल्या रकमेपुरते, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, असे बांधून दिले. मुद्रांक शुल्क वेगळे. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ती मराठीतूनही देता येते आणि टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. ज्याने तीन वर्षे नीट अभ्यास केला त्याला ती जड जात नाही.

कमाईविषयी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले, परंतु ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठांकडे बसणाऱ्या कनिष्ठाला त्याच्या आसपासही काही मिळत नाही. कित्येकांना गाडीच्या पेट्रोलपुरते मिळते. म्हणून किमान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेकांना ते आवडत नाही.

तरीही तुमची बाजू चोविशीतल्या नव्या वकिलापेक्षा भक्कम आहे. कलम १०१ चा दाखला कसा मिळतो, त्यावर थकबाकीदार कलम १५४ खाली पुनरीक्षणाला गेला तर त्याला वसुलीयोग्य रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ प्रमाणे जप्ती कोठे चुकते, हे नव्या वकिलाला कळायला वर्षे लागतात आणि तुम्ही ते रोज हाताळता. जिल्ह्यातील पतसंस्था, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था आणि कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाणारे वाद, एवढ्या क्षेत्रावर लक्ष ठेवलेत तर पहिले पक्षकार ओळखीतूनच येतील. खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, हेही तुमच्या पथ्यावर पडणारे आहे.

न्यायाधीशपदाचा विचार मात्र सोडून द्यावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तेवढी वकिली होईपर्यंत या पदाची वयोमर्यादा केव्हाच मागे पडलेली असेल.

जाता जाता एक. जुनी पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे लागू झाले आहेत.

ताळेबंद:
वरील दोघांच्या म्हणण्याला छेद द्यायचा नाही, पण वकिली हीच तुमची पुढची पायरी का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मी स्वतः एका विकास सोसायटीचा सचिव होतो आणि आज सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. मी जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखा पदविका परीक्षा देऊन इथवर आलो. सहकार खात्यातर्फे ती वर्षातून एकदा, साधारणपणे मे महिन्यात होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर ती देऊ शकतो आणि महाविद्यालयात जाण्याची गरज नसल्याने नोकरीला धक्का लागत नाही. सहा प्रश्नपत्रिका असतात. त्यांत लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, सहकारी व इतर कायदे, बँकिंग व पतसंस्था, गृहनिर्माण व अन्य संस्था असे विषय येतात. यातील निम्म्याहून अधिक तुमच्या रोजच्या कामाचेच आहे. बी.कॉम. होऊन बराच काळ लोटला असल्यास लेखाशास्त्रावर तेवढी मेहनत घ्यावी लागेल.

पदविका हाती आली की दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक होता येते, असे मात्र नाही. कायद्याच्या व्याख्येत बसणारा प्रमाणित लेखापरीक्षक होण्यासाठी पदवी, ही पदविका, लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान लागते. त्यानंतर निबंधकांच्या नामतालिकेत, म्हणजे लेखापरीक्षकांच्या यादीत, नाव लागते. हा अनुभव कोणाच्या हाताखाली आणि कसा घ्यायचा, हे आधी ठरवावे. पतसंस्थेत हिशेब ठेवल्याची वर्षे लेखापरीक्षणाचा अनुभव म्हणून दाखवू पाहणारे पुष्कळ असतात आणि तेथेच त्यांचे अर्ज अडकतात. पण ही पदविका नोकरीतही उपयोगी पडते. अनेक संस्था व्यवस्थापक नेमताना तिला महत्त्व देतात.

सहकारसेविका:
तिघांचेही मनापासून आभार. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला असल्याने तोवर पदविका परीक्षा द्यावी आणि त्यानंतर सीईटीचा विचार करावा, असे आता वाटते. पुढे वकिली करताना लेखापरीक्षणही करता येईल का?

काळाकोट:
तसे गृहीत धरू नका. चुलानी खटल्यातला दुसऱ्या व्यवसायाचा मुद्दाच येथेही येतो. सनदेवर वकिली चालू असताना नामतालिकेवर राहून शुल्क घेणे म्हणजे दोन व्यवसाय करणे होय, आणि त्यावर आक्षेप आला तर उत्तर द्यायला तुम्हीच उभ्या असाल. त्या टप्प्यावर बार कौन्सिलला लेखी विचारून मगच ठरवा. पदविकेचा अभ्यास मात्र वाया जाणार नाही. पतसंस्थेचा ताळेबंद स्वतः वाचू शकणारा वकील आमच्या बार रूममध्ये शोधावा लागतो. तुम्ही सांगितलेला क्रम मला पटतो, फक्त पदविकेच्या वर्षापासूनच पगारातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायला लागा, आणि ते खाते शक्यतो तुमच्या पतसंस्थेत नको.

विधी_अध्यापक:
आणखी एक व्यावहारिक सूचना. सीईटीची नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी सुरू होते आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रिमिलेअर यांपैकी जे लागू असेल ते, आणि विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचे राजपत्र, एवढे आताच काढून ठेवा. बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि अर्जावर सासरचे, एवढ्या कारणावरून कागदपत्रांच्या छाननीत अडकलेल्या विद्यार्थिनी मी दरवर्षी पाहतो.