टोयोटाचं एवढं नाव कशामुळे?

दांडियाबाजारकर: बडोद्यात बाबांसाठी जुनी इनोव्हा बघतोय, दीड लाख किलोमीटर झालेत तरी मालक एक रुपया सोडत नाहीये, वर म्हणतो टोयोटा आहे साहेब. हे नाव खरंच कमावलंय का नुसती हवा?

गाडीवेडा: कमावलंय रे. मुळात ही माग बनवणारी मंडळी, साकिची टोयोडांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, १९२९ ला त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले, मग मुलगा किइचिरो गाड्यांच्या मागे लागला आणि १९३७ ला वेगळी कंपनी झाली. काही चुकलं की लाइन थांबवायची ही कारखान्यातली सवय त्या मागाचीच. क्वालिस आपल्याकडे २००० साली आली, दिसायला डबा पण टॅक्सीवाल्यांनी पिदडली तरी चालायची!

सयाजीगंज_भाऊ: अगदी देव्हाऱ्यात बसवू नका हं. २००९-१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटर पेडल अन् फ्लोअर मॅटपायी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. आणि ग्लँझा म्हणजे सुझुकीची बलेनोच की, लोगो बदललेला.

गाडीवेडा: ते आहेच. दांडियाबाजारकर, सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करायला लाव, बॉनेट आधीच गरम लागलं तर समजून जा की स्टार्टिंगचा त्रास लपवायला आधीच चालू करून ठेवलीय, अन् सर्व्हिसची बिलं मागच.