महायुद्ध मुंबईतही आलं होतं
वर कोणीतरी लिहिलंय की दुसरं महायुद्ध युरोपातलं, मुंबईला त्याचं काय. अहो, १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज उडालं ना, युद्धासाठीचा सुमारे १४०० टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी, त्या पेटल्या आणि मग सगळंच गेलं, आग विझवणारे ६६ जवान गेले. आजी तेव्हा गिरगावात, सांगायची की फळीवरचे पितळी डबे धडाधड खाली आले आणि जपानी आले जपानी आले करत अख्खी चाळ जिन्यात. आम्हाला शाळेत हिटलर, हिरोशिमा सगळं शिकवलं, हे मात्र एका ओळीतही नाही, याचं खरंच वाईट वाटतं. अग्निशमन सप्ताह दरवर्षी १४ एप्रिललाच सुरू होतो तो याच जवानांसाठी, मुलांना एवढं तरी सांगा.