एफडी तारण आहे, पण कर्जाच्या आधीच पिकते: भांडवल मोजताना किती धरायची?

ताळेबंद०७:
व्यापारी बँक, बेसल ३ (कर्जांच्या जोखमीपोटी बँकेने किती भांडवल ठेवायचं याचे नियम), प्रमाणित पद्धत, म्हणजे जोखमीचे टक्के नियमांतच ठरवून दिलेले. कंपनीचं मुदत कर्ज, येणं १० कोटी, शेवटचा हप्ता ४ वर्षांनी. रेटिंग नाही, रिस्क वेट (जोखीम म्हणून धरायचा कर्जाचा हिस्सा) १००%. तारण आमच्याच बँकेतली ४ कोटींची एफडी, लिएन (तिच्यावर बँकेचा हक्क) नोंदवलेलं. तिची मूळ मुदत ३ वर्षं, उरलेली २. येण्यातून मी ४ × २/४ = २ कोटी वजा केले, ऑडिटर १.८७ म्हणतात. शिवाय हप्त्यांची सरासरी मुदत २ वर्षांच्या आसपासच येते, मग कर्जाच्या आणि तारणाच्या मुदतींत तफावत आहे असं तरी का म्हणायचं?

हेअरकट_मास्तर:
ऑडिटर बरोबर आहेत. दोन्ही मुदतींतून आधी ०.२५ वर्ष, म्हणजे ३ महिने, वजा होतात: ४ × (२ − ०.२५) ÷ (४ − ०.२५) = १.८७ कोटी. स्वतःच्या बँकेतल्या ठेवीला हेअरकट (तारणाच्या किमतीतली सावधगिरीची कपात) शून्य. उरले ८.१३ कोटी, ९% दराने भांडवल ७३.२ लाख. मुदती जुळल्या असत्या तर ५४ लाखांत भागलं असतं.

सरासरी विसरा. कर्जाची मुदत जास्तीत जास्त लांबची धरतात, म्हणजे शेवटचा हप्ता, सवलतीचे दिवस असल्यास तेही मिळवून. तारणाची मात्र कमीत कमी. कर्ज ८ वर्षांचं असलं तरी सूत्रात ५ च घाला.

ताळेबंद०७:
समजलं. एफडी पिकली की ६-६ महिन्यांनी रिन्यू करायचा विचार आहे. चालेल?

हेअरकट_मास्तर:
इथेच बहुतेक जण फसतात. तफावत असेल तर तारणाची मूळ मुदत किमान १ वर्ष हवी. रिन्यू केलेली पावती ही नवी ठेव, मुदत ६ महिने, मान्यता शून्य. लिएन कितीही पक्कं असो! नवी पावती थेट शेवटच्या हप्त्यापर्यंतची घ्या, तफावतच उरणार नाही. आणि आकडा दर तिमाहीला नव्याने काढा: वर्षभराने तोच भागाकार ०.७५ ÷ २.७५ होतो, ४ कोटींचे १.०९ उरतात. पिकायला ३ महिने राहिले की शून्य, पैसे हातात असूनही.

एक्सेलवाला:
शीटमध्ये सूत्र सरसकट ओढू नका. आधी अट: तारणाची मुदत कर्जाइतकी किंवा जास्त असेल तर पूर्ण रक्कम. ही अट नसेल तर कर्जाचे नेमके ०.२५ वर्ष उरल्यावर शून्याने भागल्याची एरर येते. दुसरी अट: तारणाचे ०.२५ किंवा कमी उरले, वा मूळ मुदत १ वर्षाखाली, तर ०. ती विसरलात तर उत्तर ऋण येतं, आणि वजाबाकीत कर्जच फुगतं. एरर दिसते तरी, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हमीपत्र_२:
एफडीऐवजी हमी असेल आणि हमीदाराला मुदतीआधी ती रद्द करायची मुभा असेल, तर रद्द करता येण्याची पहिली तारीख हीच मुदत. करारातलं ते कलम बहुधा शेवटच्या पानांत असतं, तिथे बघा. नागरी सहकारी बँकेतल्या मंडळींनी हे गणित लावू नये, त्यांना बेसल ३ लागू नाही.