शब्दचर्चा : ‘स्ट्राइड’ आणि ‘स्ट्राइप विड्थ’

प्रश्न : रेड-५ डिस्कसंचावर (डेटा अनेक डिस्कवर पट्ट्यापट्ट्यांनी वाटणारी आणि एक डिस्क बिघडली तरी तो परत मिळवून देणारी रचना) ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलप्रणाली बसवण्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहीत आहे. मसुद्यात ‘स्ट्राइड’ आणि ‘स्ट्राइप विड्थ’ या दोहोंसाठी ‘पट्टारुंदी’ हा एकच शब्द आला आहे. तो चालावा का? तसेच ‘अलाइनमेंट’ला ‘संरेखन’ म्हणावे का?

प्रतिसाद १ : एकच शब्द चालणार नाही, कारण संचात पुढे डिस्क वाढवली की या दोनपैकी एकच मूल्य बदलते आणि वाचकाने नेमके कोणते बदलायचे, हे त्याला शब्दावरूनच कळायला हवे. चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) ५१२ किलोबाइटचा आणि ब्लॉक (फाइलप्रणालीचे जागा मोजण्याचे एकक) ४ किलोबाइटचा असेल तर स्ट्राइड १२८ होतो. म्हणजे एका डिस्कवर इतके ब्लॉक झाले की लेखन पुढच्या डिस्कवर जाते. यासाठी ‘ढांग’ हा आपला रोजचा शब्द मला चपखल वाटतो. ‘पट्टारुंदी’ फक्त ‘स्ट्राइप विड्थ’साठी ठेवावी. पट्टा म्हणजे प्रत्येक डिस्कवरचा एकेक चंक मिळून होणारी ओळ. चार डिस्कच्या रेड-५मध्ये प्रत्येक पट्ट्यातील एक चंक पॅरिटीकडे (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीच्या माहितीकडे) जातो, उरलेल्या तीन चंकांमुळे पट्टारुंदी ३८४ ब्लॉक येते. पाचवी डिस्क घातल्यावर ती ५१२ होते, ढांग मात्र १२८च राहते. अर्थात, संचाची फेररचना करताना चंकही बदलला, तर दोन्ही मूल्ये नव्याने काढावी लागतात.

‘संरेखन’ कोशात शोभते, पण इथे रेघ कोठेच नाही. एका थराच्या सीमा खालच्या थराच्या सीमांवर पडाव्यात, एवढेच अपेक्षित आहे. पूर्वी डिस्कवरचे विभाजन (पार्टिशन) ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटचा कप्पा) सुरू होई आणि चंकच्या सीमेशी जुळत नसे, त्यामुळे आतली ढांग कितीही अचूक दिली तरी तिचा फारसा उपयोग नसे. आता ते सहसा २०४८व्या सेक्टरपासून सुरू होते. म्हणून मी ‘सीमाजुळणी’ सुचवेन.

प्रतिसाद २ : ‘ढांग’ मान्य. मात्र पुढे डिस्क वाढणार आहे म्हणून आजच मोठी पट्टारुंदी देऊन ठेवावी, असा समज पुस्तिकेतून होऊ नये. पट्टा अपुरा लिहिला गेला की पॅरिटी नव्याने काढण्यासाठी जुना मजकूर आधी वाचावा लागतो. तो फेरा टाळण्यासाठीच हे मूल्य असते, आणि ते आजच्या संचाचेच असले पाहिजे. संच वाढल्यावर ‘ट्यून२एफएस’ या आज्ञेने ते बदलता येते. आधी लिहिलेल्या फायली त्यामुळे जागच्या हलत नाहीत. नव्या लेखनालाच बदल लागू होतो.

प्रतिसाद ३ : एक्सएफएस या दुसऱ्या फाइलप्रणालीचा उल्लेख करणार असाल तर ‘रुंदी’ जपून वापरावी. तेथे ‘एसडब्ल्यू’ म्हणजे डेटा-डिस्कची (पॅरिटीचा वाटा वगळून उरलेल्या डिस्कची) नुसती संख्या, तर ‘एसविड्थ’ ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजतात. वरच्या पाच डिस्कच्या संचासाठी पहिले मूल्य ४, दुसरे ४०९६. पहिल्याला मी ‘डेटा-डिस्कसंख्या’ म्हणेन, आणि ‘पट्टारुंदी’ आली की तेथेच ती ब्लॉकांत आहे की सेक्टरांत, हे लिहीन.