डास मारायचा निळा दिवा घ्यावा का? (तळमजला, सिंहगड रोड, पुणे, बजेट १००० रुपये)

तळमजला:
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला कालव्याच्या बाजूला भाड्याने राहतो. संध्याकाळी सहा वाजले की डास असे आत येतात, जसं काही भाडं तेच भरतात. बाबांना दमा आहे, म्हणून कॉइल बंद. लिक्विडच्या वासानेही त्यांना खोकला येतो. मुलगी सात महिन्यांची, ती मच्छरदाणीत झोपते. प्रश्न हॉलचा आहे. तो निळ्या उजेडाचा, जाळीत करंट असलेला दिवा घ्यायचं डोक्यात आहे. कुणी वापरलाय का? कुठे लावायचा, साफ कसा करायचा? बजेट हजार. कृपया हजारच.

चहाबाज:
रॅकेट घ्या. विषय संपला. मी सहा वर्षं वापरतोय. तपकीर गल्लीत (इलेक्ट्रिकच्या मालाचा बाजार) साडेतीनशेला मिळाली. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याच रॅकेटचे पाचशे सांगत होता, वर म्हणे "ही ओरिजिनल आहे".

नारायणपेठी:
एक रॅकेट सहा वर्षं? आमच्याकडे दर पावसाळ्यात एक जाते. हल्लीचा माल सगळा तकलादू. १९९१ साली घेतलेला टेबल फॅन अजून चालतो आमच्याकडे, फक्त मान हलवत नाही.

भटकी_मांजर:
दिवा, रॅकेट सगळं वरवरचं. आम्ही सगळ्या खिडक्यांना घडीची सरकती जाळी करून घेतली. टू बीएचकेला चौदा हजार गेले, पण घरात एक डास दिसेल तर शपथ.

तळमजला:
@भटकी_मांजर, बजेट हजार आहे हो. आणि घरमालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाहीत.

भटकी_मांजर:
हप्त्यांवर पण करून देतात.

वायरमन_कोथरूड:
रॅकेट दरवर्षी का जाते ते सांगतो. स्वस्तातल्या रॅकेटमध्ये लेड ॲसिडची छोटी बॅटरी असते. तुम्ही दिवाळीनंतर ती कपाटावर टाकता आणि जूनमध्ये काढता. मधल्या काळात ती उतरून मरते. वापर असो-नसो, महिन्यातून एकदा चार्ज करायची. आणि रात्रभर प्लगला लटकवून ठेवायची नाही, कारण बऱ्याच रॅकेटमध्ये चार्ज झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोयच नसते. लिथियमवाली मिळाली तर शे-दोनशे जास्त द्या. अजून एक. बटण सोडलं तरी आतल्या कंडेन्सरमध्ये करंट थोडा वेळ राहतो. लगेच बोटाने डास काढायला जाऊ नका.

पर्वती_पायथा:
वरच्या मुद्द्याला +१. शिवाय स्प्रे मारल्यावर लगेच रॅकेट फिरवू नका. स्प्रेमध्ये पेट घेणारा वायू असतो. माझ्या मावसभावाने पलंगाखाली स्प्रे मारला, मग उरलेले डास टिपायला खाली वाकला आणि रॅकेट घातली. भप्पकन जाळ. भुवया गेल्या. साखरपुडा चार दिवसांवर होता. फोटोत मामीने काजळाने काढलेल्या भुवया आहेत, एक जरा वर गेलीये.

केशवनगरची:
तुमचं कालव्याचं काय घेऊन बसलात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याकडे नदीवर डासांचे खांब उठले होते, व्हिडिओ देशभर फिरला. सगळी जलपर्णीची कृपा. तिथे दिवा काय करणार?

नारायणपेठी:
ते डास नव्हतेच, असं वाचलं होतं. न चावणारी चिलटं होती.

केशवनगरची:
वाचलं होतं ना? आम्ही तिथे राहत होतो. महिनाभर खिडकी उघडली नाही.

निवृत्त_पण_व्यस्त:
भांडू नका. असे खांबासारखे थवे बहुतेक नरांचे असतात, मग डास असोत की चिलटं. आणि नर चावत नाही. चावते ती मादी. हे धागाकर्त्याच्याही कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मागच्या पावसाळ्यात १,८०० रुपयांचा दिवा घेतला. पहिल्या रात्री इतके आवाज झाले की हिला म्हटलं, पैसे वसूल. सकाळी ट्रे वर्तमानपत्रावर उलटा केला आणि भिंग घेऊन बसलो (निवृत्त माणसाला वेळ असतो). पंख गळालेली वाळवी, पाकोळ्या, तुडतुडे, दोन मोठे भुंगेरे, चिलटांचा तर भुगाच. त्यात डास किती? तीन. आठवडाभर रोज मोजले. एका दिवशी सात निघाले, तो उच्चांक.

कारण असं की निळ्या-जांभळ्या उजेडाला पतंग-किडे भुलतात. डासाची मादी येते ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर, घामाच्या वासावर, अंगाच्या उबेवर. तिच्या दृष्टीने दिव्यापेक्षा तुमची पोटरी केव्हाही सरस. म्हणून दिवा घेण्याआधी डास कधी चावतात ते बघा. अंधार पडल्यावर चावणारे बहुतेक क्युलेक्स, ते गटारात, साचलेल्या घाण पाण्यात होतात. दिवसाउजेडी चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, म्हणजे डेंगीवाला. तो तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यातच होतो. त्याचं दिव्याशी काही देणंघेणं नाही.

चहाबाज:
म्हणजे रॅकेटच.

पाणी_आलं_का:
एडिसवरून आठवलं. पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की आपण बुधवारी रात्री बादल्या, पिंप, झालंच तर कुकरसुद्धा भरून ठेवतो. शुक्रवारी नळ येतो, पिंप मात्र तसंच राहतं पुढच्या बुधवारपर्यंत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मनपा 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणते ते उगाच नाही. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. काथ्याने घासून काढायची. २०२४ ला एरंडवण्यात झिकाचे पेशंट निघाले तेव्हा आमच्या सोसायटीत तपासणीला आले होते. अळ्या कुठे सापडल्या? अध्यक्षांच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. दंडाचा विषय मीटिंगमध्ये अजून कुणी काढलेला नाही.

बाणेर_हिल्स:
आमच्याकडे पंख्याने डास आत ओढून घेणारं इम्पोर्टेड मशीन आहे, साडेसहा हजार. आवाज नाही, वास नाही. क्वालिटीला पैसे मोजावे लागतात.

नारायणपेठी:
डास पण इम्पोर्टेड येत असतील.

तळमजला:
धन्यवाद सगळ्यांना. आमच्याकडे दिवेलागणीनंतर चावतात. पिंप आज घासलं, आत खरंच वळवळत होतं. पण दिव्याचं कुणी सांगेल का? म्हणजे घेतलाच तर?

वायरमन_कोथरूड:
घेतलाच तर ऐका. खिडकीत किंवा दाराशी लावू नका. बाहेरचे किडे बोलावून घ्याल. माणसं बसतात तिथून लांब, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात, पाच-सहा फूट उंचीवर, मुलीचा हात कधीच पोचणार नाही असा. ट्यूबलाइट चालू असेल तर दिव्याचा जोर जातो. जेवायच्या टेबलावर तर अजिबात नको, किडा फुटला की त्याचे तुकडे उडतात. हॉटेलच्या किचनमध्ये म्हणूनच चिकट कागदवाला लावतात. ट्यूब आणखी वर्षभर निळी दिसत राहील, पण किडे ओढणारा जो न दिसणारा उजेड असतो तो उतरलेला असतो. वर्षाला ट्यूब बदला. आणि घेताना सुटी ट्यूब मिळते का ते आधी विचारा, नाहीतर दिवाच बदलावा लागतो. साफ करताना स्विच नाही, प्लग काढायचा. पाच मिनिटं थांबायचं. जुन्या कोरड्या टूथब्रशने जाळी झाडायची. ओलं फडकं नको. जाळीत किडे अडकून राहिले तर सतत चर्रर्र आवाज येतो आणि जळका वास सुटतो.

मंद_पंखा:
हे कुणीच कसं सांगितलं नाही? टेबल फॅन पायाशी लावा. डास उडायला अशक्त असतो, वाऱ्यात टिकत नाही. खर्च शून्य.

नारायणपेठी:
आमचा १९९१ चा...

भटकी_मांजर:
भाड्याचं घर असेल तर वेलक्रोची जाळी बसते, खिळा लागत नाही. खिडकीचं माप घेऊन शिवून देतात. हजारात दोन खिडक्या होतील. (बघा, बजेटमध्ये सांगितलं!)

तळमजला (दोन आठवड्यांनी):
अपडेट द्यायचं राहिलं होतं. सगळ्यांनी नको म्हटलं, तरी दिवा घेतला. तपकीर गल्लीत १,४०० सांगितले, १,१५० ला दिला. सुट्या ट्यूबचं विचारलं तर "ये की पुढच्या वर्षी" म्हणाला.

खरं सांगायचं तर मी वेलक्रोची जाळी बघायलाच गेलो होतो. बाबा सोबत होते. दुकानात दिवा लावलेला होता, त्यावर एक किडा बसला, चट्ट. बाबा थांबले. दुसरा बसला, चट्ट. "हाच घे," म्हणाले. सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून एक वस्तू मागितली.

आता संध्याकाळी बाबा लाइट घालवून समोरच्या खुर्चीत बसतात आणि मोजतात. काल त्रेचाळीस झाले. त्यात डास किती, ते मी विचारत नाही. @निवृत्त_पण_व्यस्त, तुमचा हिशेब त्यांना सांगितलेला नाही. मंद_पंखा यांचं ऐकून पंखा पायाशी लावलाय, चावणं कमी झालंय ते त्यानेच. घरात श्रेय दिव्याला मिळतं.

ट्रे रविवारी बाबा स्वतः झाडतात. प्लग काढून, पाच मिनिटं घड्याळ लावून, कोरड्या टूथब्रशने, अगदी सांगितलं तसं. फक्त बेसिनवरचा जो टूथब्रश त्यांना जुना वाटला, तो माझा होता. दुसऱ्या रविवारी कळलं.