ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: भिंतीची परीक्षा घ्यायची तर आत पाणी नको

पंचवटीचा_खेळाडू

ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड या वसाहत उभारायच्या कॉम्प्युटर गेमबद्दल परवा इथे एकाने लिहिलं होतं: सिरॅमिकच्या इन्सुलेटेड (उष्णतारोधक) टाइलची भिंत घातली, आत पाण्याची टाकी केली, बाहेर 95 अंशांचं पाणी सोडलं आणि 20 सायकल (खेळातले दिवस) झाल्या तरी आतलं पाणी 1 अंशानेही तापलं नाही. त्यावरून निष्कर्ष काय, तर सिरॅमिकला तोड नाही. मला हे पटलेलं नाही. भिंत चांगली असेलही, पण या चाचणीत भिंतीची परीक्षा झालीच नाही.

हिशेब करून बघा. एका चौकोनात 1,000 किलो पाणी मावतं आणि पाण्याचा विशिष्ट उष्मा 4.179. तो एक चौकोन 1 अंशाने तापवायला 4,179 किलो-डीटीयू लागतात (डीटीयू म्हणजे खेळातलं उष्णतेचं एकक). तेवढ्याच चौकोनात 2 किलो ऑक्सिजन असेल तर 2 किलो-डीटीयूत काम भागतं. दोन हजार पटींचा फरक! भिंतीतून उष्णता झिरपत असली तरी एवढं पाणी ती गुपचूप पिऊन टाकतं आणि आकडा हलत नाही.

काल रात्री सँडबॉक्समध्ये (खेळात हवं ते मांडून बघायची सोय) शेजारी शेजारी दोन खोल्या केल्या. दगड एकच, इग्नियस रॉक (अग्निजन्य खडक). एकीला साधी टाइल, दुसरीला इन्सुलेटेड. दोन्हींत 20 अंशांचा ऑक्सिजन, चौकोनाला 2 किलो, आणि बाहेरून 95 अंशांचं पाणी. एक सायकल म्हणजे 600 सेकंद. ती संपायच्या आत साध्या टाइलच्या खोलीने साठी ओलांडली होती, इन्सुलेटेड खोली अजून विशीच्या घरातच होती. भिंतींमधला फरक असा दिसायला हवा.

सिडको_जुना

अजिबात सहमत नाही. ऑक्सिजनच्या रिकाम्या खोलीत कोण वसाहत चालवतं? माझ्या भिंतीआड पाणीच असतं, कारण मला पाणीच वाचवायचं असतं. शेतावरची हवा 30 अंशांच्या वर गेली की मीलवुडची (खेळातल्या पिकाची) वाढ थांबते. ती वेळ यायला किती सायकल लागतील, एवढंच मला कळायला हवं. जशी वसाहत तशी चाचणी. ज्याने टाकीवर चाचणी घेतली त्याने स्वतःच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळवलं.

फक्त सिरॅमिकचा आग्रह मलाही पटत नाही. त्याची उष्णतावाहकता 0.62, इग्नियसची 2, म्हणजे तिपटीहून जास्त फरक, मान्य. पण इन्सुलेटेड टाइलला 400 किलो माल लागतो. भट्टीत तेवढं सिरॅमिक करायला 400 किलो चिकणमाती आणि 100 किलो कोळसा जातो. एका टाइलला! सुरुवातीच्या शंभर सायकलमध्ये तो कोळसा जनरेटरला लागतो.

पंचवटीचा_खेळाडू

तुमच्या टाकीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण त्याने "माझी टाकी टिकली" असं लिहिलं नव्हतं, "सिरॅमिक सर्वोत्तम" असं लिहिलं होतं. नवीन मुलगा ते वाचून कोळसा जाळत बसतो, मग तीच भिंत ऑक्सिजनच्या खोलीला घालतो आणि टाकीसारखाच निकाल मिळेल असं धरून चालतो.

मोजपट्टी

मी बांधकामातली आहे, खेळतेही. तुम्ही दोघं ज्याला उष्णतारोधन म्हणताय ते अर्धंच आहे. शाळेत आपण तीन वाटा शिकलो: वहन, अभिसरण, प्रारण. या खेळात प्रारण नाही, आणि गरम वायू वर चढतही नाही. वायूंचे थर त्यांच्या वजनावरून लागतात, तापमानावरून नाही. म्हणून खेळात दोन भिंतींमध्ये निर्वात जागा ठेवली की विषय संपतो. खऱ्या थर्मासमध्ये निर्वात जागा असूनही काचेला चांदीचा मुलामा द्यावा लागतो, कारण प्रारण पोकळीतूनही जातं. ड्युअरने 1892 मध्ये ते भांडं केलं तेव्हापासूनची ही गोष्ट.

सातपूरला आमची पत्र्याची खोली होती. मे महिन्यात दुपारी चारला कॉटवर आडवं पडलं की पत्र्याला हात न लावता कपाळ भाजायचं. हवा नव्हे, पत्रा भाजत होता. वडिलांनी पत्र्याला वरून चुना मारला तेव्हा कुठे खोलीत थांबता येऊ लागलं. हे तुमच्या सँडबॉक्समध्ये कसं दाखवणार? खेळातल्या चाचणीवरून घराच्या भिंतीबद्दल बोलू नका, मला एवढंच म्हणायचं आहे.

लासलगावचा_चाळकरी

मोजपट्टी ताईंशी सहमत. कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उचलून घेतात, रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवतात. खालून गार हवा शिरते, कांद्याची ऊब घेऊन वर जाते. गरम हवा वर चढते म्हणून चाळ चालते. माझ्या पुतण्याने खेळात चाळ करून दाखवली, खाली जाळीच्या टाइल लावल्या होत्या. दिसायला छान होती, पण ऊब वर सरकेना. पोराला वाटलं जाळी चुकली. दोन दिवस तो जाळ्या बदलत बसला.

पंचवटीचा_खेळाडू

घराबद्दल मी एक शब्दही लिहिला नव्हता, पण ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. तरी उलट सांगतो. वहन सोडून बाकी दोन वाटा बंद आहेत म्हणूनच वहन नीट मोजता येतं. आमचा भद्रकालीतला जुना वाडा घ्या, दोन हात जाड मातीची भिंत. दुपारी गार आणि रात्री अकराला हात लावला तर कोमट. लहानपणापासून मी त्याला "माती उष्णता अडवते" म्हणायचो. अडवत नाही, साठवते आणि रात्री परत देते. साठवणं आणि अडवणं वेगळं, हे मला या खेळातल्या पाण्याच्या टाकीने शिकवलं.

मोजपट्टी

वाड्याचं बरोबर सांगितलंत. तेवढं मान्य. पत्र्याचं नाही.

सिडको_जुना

वाद पुरे, चाचणी लावा. इग्नियस आणि सिरॅमिक, दोन्ही इन्सुलेटेड. प्रत्येकाच्या दोन खोल्या, एकीत ऑक्सिजन, दुसरीत पाणी. बाहेर सगळीकडे तेच 95 अंशांचं पाणी, आणि ते मध्येच गार होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा गोंधळ. 50 सायकल.

पंचवटीचा_खेळाडू

शनिवारी रात्री लावतो. टाइलचं सुरुवातीचं तापमानही सँडबॉक्सच्या ब्रशने 20 करून घेईन, 400 किलोचा दगड स्वतःच गरम असेल तर तोच खोली तापवतो.

सिडको_जुना

आणि निकालाशेजारी कोळसा किती गेला तेही लिहा.